डब्यात उरलेलं कार्ड

गिऱ्हाइकाचं ओळखपत्र हातात पडल्याशिवाय रुदेसिंदाबाई साखळीला हात लावू देत नसे. मग गाडीवाला सान्तियागोचा बडा डॉक्टर असो, नाहीतर तिच्याच गल्लीतला पाववाला. "सख्ख्या आईचंही कार्ड ठेवून घेईल ही बया," असं शेजारचा साखळीवाला एलादियो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. त्यावर रुदेसिंदा म्हणायची, "आईचं घेईन की. तुझं मात्र कोणी फुकट दिलं तरी नको."

सत्तावीस हिवाळे ती त्या फाटकाशी काम करत होती. फाटकाच्या आत राष्ट्रीय उद्यान, ज्वालामुखीचा डोंगर, आणि बारा किलोमीटर वर स्कीचं मैदान. मोठंबिठं काही नाही. माणसांना तारेवरून वर नेणारे दोन पाळणे, पोरांना चढावर ओढून नेणारी एक दोरी आणि सूप मिळणारी एक खोली. शहरातली माणसं आपल्या लेकरांना पहिल्यांदा बर्फावर उभं करायला इथेच आणत. रस्त्यावर बर्फ असला की चाकांना साखळ्या चढवल्याखेरीज पोलीस गाडी वर सोडत नसत, आणि साखळ्या नसलेले रुदेसिंदाकडे येत. गळ्यात उद्यानाचा परवाना, गुडघ्याखाली मेंढीच्या कातड्याचा तुकडा, अशी ती चिखलात बसायची आणि चार मिनिटांत काम उरकायची. कार्ड बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचं. संध्याकाळी गाडी उतरली की साखळी काढायची, कार्ड परत द्यायचं. डबा रिकामा झाला की घरी. स्वतः ती जन्मात कधी स्कीवर चढली नव्हती. "सत्तावीस वर्षं चिखलात घसरतेय, तेवढं पुरे," म्हणायची.

त्या वर्षी जुलैच्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, सुट्टीत एका रविवारी तर जत्राच उसळली. अकरा वाजेपर्यंत सगळ्या साखळ्या गेल्या. एलादियोही रिकामा बसला होता. तेवढ्यात तेमुको शहरातून एक जुनी, लहानशी लाल गाडी आली. चालवणारी यास्ना नावाची तरणी बाई, शेजारी तिचा सासरा आणि मागे दोन मुली. धाकटीनं हातमोजेसुद्धा घालून ठेवले होते.

"मावशी, तुम्ही तरी बघा ना," यास्ना काकुळतीला आली. "पोलीस परत पाठवतायत. पोरी पहाटेपासून बूट चढवून बसल्यात."

"मी म्हणत होतो समुद्रावर जाऊ," म्हातारा आतून पुटपुटला. "समुद्राला साखळी लागत नाही."

"बाबा, तुम्ही गप्प बसा हो!"

धाकटीचा ओठ थरथरायला लागला होता. रुदेसिंदानं तिच्याकडे पाहिलं, मग चाकाकडे. त्या मापाची एक जोडी होती तिच्याकडे. खोक्याच्या तळाशी मुद्दाम बाजूला ठेवलेली. तिची एक कडी झिजून तुटायला आली होती, आणि शनिवारी रुदेसिंदानं ती तारेनं आवळून बांधली होती. सोमवारी लोहाराकडे टाकायची होती.

आणि तिनं ती दिली. कोणी म्हणेल, लोभ सुटला असेल. लोभबिभ काही नव्हता. पोरीचं रडवेलं तोंड बघवलं नाही, इतकंच. एकदा वर, एकदा खाली, तेवढं काय निभणार नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण तारेला कुठे दयामाया कळते? "हळू चालवा हं," एवढंच ती यास्नाला म्हणाली. तारेचं बोलली नाही.

पाच वाजता वरचे पाळणे थांबले. गाड्यांची रांग उतरली, पोरं मागच्या सीटवर आडवी झालेली. रुदेसिंदा साखळ्या काढत गेली, कार्डं देत गेली. सहाला उजेड उतरला तेव्हा डब्यात एकच कार्ड उरलं होतं. यास्नाचं.

वनरक्षक नीवाल्दो फाटक लावायला आला. पहाटे चारपासून तो रस्त्यावर उभा होता. डोळे लाल झाले होते त्याचे.

"थांब रे," रुदेसिंदा म्हणाली. "एक गाडी वर आहे."

"वायरलेसवर विचारलं मी, मावशी. मैदान रिकामं आहे. एक चाक उरलेलं नाही."

"पळाली असेल तुझी साखळी घेऊन," एलादियो हसला. "कार्डाचं काय, नवीन काढता येतं. आणखी ठेव डब्यात!"

"गर्दीत निसटली असेल," नीवाल्दो म्हणाला. "दर हिवाळ्यात दोनतीन जातातच की अशा. सकाळी पोलिसांना कळवू."

सकाळी! बाहेर पाणी गोठायला लागलं होतं. रुदेसिंदानं कार्डावरचा यास्नाचा फोटो पाहिला. हा पोरगा आत्ता झोपायला जाईल, आणि त्यात त्याची चूकही नसेल. तिचा परवाना याच्याच सहीवर चालत होता. पुढे दोन महिने हिवाळा होता, आणि घरात वर्षभराची चूल त्या दोन महिन्यांवर पेटायची.

"नीवाल्दो," ती म्हणाली, "त्या साखळीची एक कडी तारेनं बांधलेली होती."

"कोणी बांधली?"

"मी."

"आणि तरी दिलीत?"

"दिली."

एलादियोचं हसू विरलं. नीवाल्दो तिच्याकडे बघतच राहिला. "मावशी, हे मला सांगायला नको होतं तुम्ही."

"नसतं सांगितलं, तर तू गाडी काढली असतीस?"

त्यानं किल्ल्या काढल्या. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

सातव्या किलोमीटरच्या वळणावर तिलाच ती दिसली. रस्त्याच्या कडेला, बर्फावर पडलेली काळी साखळी. खाली, आरौकारियाच्या दोन झाडांत नाक खुपसून लाल गाडी अडकली होती. साडेचारपासून. शंभर गाड्या वरून गेल्या, कोणाला दिसली नाही. हॉर्न वाजवून वाजवून बॅटरी संपली होती. म्हाताऱ्यानं दोन्ही नातींना आपल्या कोटात घेतलं होतं. थोरलीच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं, बाकी सगळे धड.

"समुद्र म्हणत होतो मी," म्हातारा दातांवर दात वाजवत म्हणाला.

"मावशी, मी न पडता थांबले! तीनदा!" धाकटीला तिचं स्कीचं सांगायचं होतं.

यास्ना रुदेसिंदाच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. "तुम्हाला कसं कळलं हो आम्ही इथे आहोत ते?"

"तुमचं कार्ड राहिलं होतं," रुदेसिंदा म्हणाली. वर रस्त्यावर आल्यावर तिनं साखळी उचलून घेतली, आणि सबंध उतार ती मांडीवर ठेवून बसली.

फाटकाजवळच्या खोलीत गोड चहा झाला, भोपळा घालून तळलेल्या सोपाइपिया झाल्या. यास्नानं एका हातानं रुदेसिंदाचा हात धरून ठेवला होता. नीवाल्दोनं वही उघडली. गाडीचा नंबर लिहिला, वेळ लिहिली, आणि थांबला.

"कारण... रस्ता गोठला होता, असं लिहितो," तो वहीतून मान वर न काढता म्हणाला.

गप्प राहिलं की झालं, इतकं सोपं होतं. रुदेसिंदानं हात सोडवून घेतला आणि साखळी टेबलावर ठेवली.

"रस्ता नाही. तार लिही." मग ती यास्नाकडे वळली. "बाई, ही कडी मी तारेनं बांधली होती. माहीत असून तुम्हाला दिली."

यास्नानं तुटलेल्या तारेकडे पाहिलं, मग थोरलीच्या कपाळाकडे. तिनं चहाचा पेला खाली ठेवला. म्हाताऱ्यालाही आता समुद्र आठवला नाही.

नीवाल्दोनं लिहिलं. मग हात पुढे केला. रुदेसिंदानं गळ्यातला परवाना काढून त्याच्या हातावर ठेवला.

"सगळ्या साखळ्या तपासाव्या लागतील," तो म्हणाला. "या हिवाळ्यात आता..."

"ठाऊक आहे रे मला."

तिनं डब्यातून कार्ड काढून यास्नाला दिलं. यास्नानं ते घेतलं, पेंगुळलेल्या धाकटीला खांद्यावर टाकलं आणि ती बाहेर नीवाल्दोच्या गाडीकडे निघाली. थोरली मात्र दारात थबकली.

"मावशी, तुमचं कार्ड कधी परत देणार?"

"पुढच्या वर्षी," रुदेसिंदा म्हणाली. "जा, आई थांबलीय."

सगळे गेल्यावर तिनं सवयीनं डबा उघडून पाहिला. आत एकही कार्ड नव्हतं. तिनं झाकण लावलं, कातड्याचा तुकडा काखोटीला मारला आणि घरची वाट धरली.