आमच्या गावचा नंबर

पाटोद्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिडकीतून आत टोपी टाकून माझी जागा धरली. टोपी पडली की नंबर लागला, मग कुणी भांडायचं नाही. मी गर्दीतून घुसून टोपीवरच बसले. दादा खालून म्हणाले, "पोचलीस की दुकानात फोन कर. नंबर पाठ हाय न्हवं?" पाठ होता. घरी फोन नव्हता. दुकानदार आईला हाक मारून बोलवायचा.

नंबर हा शब्द इंग्रजी आहे हे मला पाचवीत कळलं, तोवर तो आमच्याकडचाच वाटायचा. बीड जिल्ह्यात त्याला बैलाइतकं काम असतं. जमिनीचा नंबर तलाठ्याकडे. चष्म्याला नंबर. भाकरीला पापुद्रा सुटला की "एक नंबर". उसाला कारखान्याकडून तोडीचा नंबर यायचा. तो लांबला की दादा जेवताना बोलायचे नाहीत. आणि उन्हाळ्यात या सगळ्यांच्या वर टँकरचा नंबर. बाया सकाळीच रांगेत घागरी मांडायच्या आणि भाकरी थापायला घरी जायच्या. घागर उभी असली की माणूस असल्यातच जमा. एरवी आम्ही एकमेकींशी कशावरूनही भांडायचो, पण दुसऱ्याच्या घागरीला कुणी हात लावायचं नाही.

हीच सवय घेऊन मी पुण्याला आले. पहिल्याच महिन्यात बँकेच्या रांगेत पर्स ठेवली आणि खुशाल झाडाखाली जाऊन बसले. परत येते तर रांग पर्सला वळसा घालून पुढे गेलेली आणि वॉचमन संशयानं तिच्याकडे बघतोय. "मॅडम, बॅग अशी सोडतात का?"

"सोडली न्हाई, नंबर लावलाय," मी म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, पण खोलीवर येऊन रडले.

आता मी एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. टोकन देते. मशीन नंबर पुकारतं, माणूस हजर नसला की पुढचा. सिस्टिमच तशी आहे. गावी जाणं होई ते दिवाळीत, दोन दिवस. आई पुढ्यात तांब्या-भांडं ठेवायची, कामाला हात लावू द्यायची नाही. दादा गेल्यावर तर मला वाटायला लागलं, आपण या घरच्या पाहुण्या झालो. फार लागायचं ते मनाला. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले, त्यांना कळेल.

मग एका उन्हाळ्यात आईचा हात मोडला म्हणून रजा टाकून गेले. टँकर आला. आईची घागर शेजारच्या शेवंताकाकूंनी आधीच मांडली होती. मी एक बादली घेऊन रांगेच्या शेवटी उभी राहिले. माणशी एक घागर असा नियम होता, आणि माणसांत आता माझी गणती नव्हती. उरलं तर घ्यावं, इतकाच विचार.

काकू ओरडल्या, "मागं कावून थांबलीस गं? पुढं ये."

पुढे आईच्या घागरीला लागून अजून एक घागर होती, बुडाला चेपलेली. "ही कुणाची?"

"तुजी."

"काकू, मी कुठं राहते इथं?"

"टँकर सुरू झाला की तुजी आई दर बारीला लावती. तू गेलीस तवापास्नं. तुज्या वाटणीचं पाणी धोंडाबाईला जातं. खाटेवरच्या माणसाचं एका घागरीनं कुठं भागतंय?"

"आन् कुणी काय म्हणलं न्हाई?"

"म्हणलो की पहिल्या वर्साला. मीच भांडलेते. तुजी आई म्हणली, पोरगी कामाला गेली हाय, मेली न्हाई. मंग काय बोलावं माणसानं?" काकूंनी टँकरची नळी माझ्या हातात दिली. "भर आता. मागं लई बाया हायेत."

मी घागर भरली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, आणि पुसायचेही नव्हते. तीच घागर कमरेवर घेऊन धोंडाबाईंच्या दारात नेऊन ठेवली.

पुण्यात माझ्या नावाचा फ्लॅट आहे, दारावर पाटी आहे. पण तुझं घर कुठलं असं कुणी विचारलं, तर मी अजून त्या रांगेचंच सांगते. घोटभर पाण्यावरून एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या बाया होत्या त्या. एकीनंही माझी घागर बाजूला सारली नाही.