गुलाबरावांची फुली

गुलाबराव मेश्रामांनी आयुष्यभर रंगवलं जवळून आणि पाहिलं लांबून. रायपूरच्या गोल बाजारातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. आणि नाटकांचे पडदे! जंगल, राजवाडा, नदीकाठ. त्यांच्या जंगलापुढे उभं राहिलं की भल्याभल्या नटांचा आवाज आपोआप खाली येई, इतकी गार सावली असायची त्यात. पडदा टांगला की गुलाबराव थेट शेवटच्या रांगेत जात, डोळे बारीक करून पाहत, "चंद्र गडबड करून राहिला," असं पुटपुटत पुढे येत आणि खडूनं तिथं फुली मारत. फुली म्हणजे चूक. हाताखालचा रंगारी ती पुसून दुरुस्ती करी. तोंडानं सांगावं लागत नसे.

पुढे छापील फ्लेक्स आले आणि ब्रश वाळले. गुलाबरावांनी कुणाला बोल लावला नाही. खडू मात्र खिशात राहिला, काही माणसांच्या खिशात सुपारी राहते तसा.

अडुसष्टाव्या वर्षी त्यांना पुन्हा काम मिळालं ते भाचीमुळे. रुचिता शंकर नगरातल्या एका खोलीत संगणकावर कामं करायची. एका डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर टीव्हीवर दाखवायचे होते. डॉक्टर मॅडमनी तिचं काम दोनदा परत पाठवलं होतं. शनिवारी तिसरी आणि शेवटची खेप. हे काम गेलं तर रुचितानं हैदराबादची नोकरी धरायची आणि तिच्या आईनं रायपुरात एकटीनं राहायचं, असं घरात ठरून गेलं होतं.

"मामा, मॅडम बस इतकंच म्हणते की मजा नहीं आ रहा," रुचिता म्हणाली. "मी एजंटला तेच लिहिते. तो हर बार पूरा नया बनवून देतो."

"एजंट? कोन्या गावचा?"

"गावचा नाही हो, एआय आहे. मी लिहून सांगते, तो कोड लिहून स्क्रीन बनवतो. फोटो दिला तर पाहतोसुद्धा."

"मंग मले दाखव आधी. ज्याले दिसत नाही त्याच्यासाठी काम, अन् तुम्ही पाहता हातभर अंतरावरून!"

गुरुवारी दुपारी दोघं दवाखान्यात गेली. गुलाबराव मागच्या भिंतीला टेकले, डोळे बारीक केले आणि तरातरा पुढे आले. रुचिता "मामा, नको," म्हणेपर्यंत टीव्हीच्या काचेवर, नंबराला लागून, खडूची फुली उमटलीसुद्धा.

"इथं चुकलं. धाड त्याले."

रुचितानं फोटो काढून पाठवला. खाली लिहिलं, खूण केली आहे तिथं दुरुस्त कर.

थोड्या वेळानं टीव्हीवर एजंटचा नवा पडदा उघडला. नंबर होता तेवढाच. पण प्रत्येक नंबराशेजारी एक पांढरीशुभ्र, देखणी फुली.

बाकावरची एक म्हातारी ताडकन उठली. "काहून वं पोरी, माहा नंबर काटला काय?" दोघं जण तर नंबर देणाऱ्या खिडकीशी भांडायलाही गेले. रुचितानं घाईघाईनं टीव्ही बंद केला.

गुलाबराव आधी लाल झाले, मग खो खो हसले. "माही फुली रंगवली त्यानं! अन् माह्याहून सरळ!"

हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "त्याचा दोष नाही. माहा रंगारी बारा वर्षं माह्या ताटात जेवला, म्हणून त्याले फुली समजे. हा आजच आला. याले बोलून सांगावं लागीन. लिही."

रुचितानं लॅपटॉपवर तीच स्क्रीन उघडली. तिथं पडद्याच्या ज्या भागावर टिचकी मारावी, त्या भागाला चिकटूनच लिहिलेला शेरा एजंटकडे जाई. गुलाबराव बोट दाखवत आणि सांगत.

"नंबर. मागच्या बाकावरून तीनचा आठ दिसतो. दुप्पट मोठा कर. मागं काळं, आकडा पिवळा. ही बाजूची चष्म्याची जाहिरात हालून राहिली, तिले थांबव. अन् वरचं दवाखान्याचं नाव चांगलं आहे, त्याले हात लावू नको. हे आठवणीनं लिही. नाहीतर चंद्र सुधारता सुधारता झाडं जातात."

एजंटनं तेवढंच बदललं. गुलाबराव पुन्हा मागच्या भिंतीशी. मग आणखी एक शेरा, पुन्हा भिंत. सात खेपा झाल्या. गुडघे धरून ते बसले तेव्हा कुठं म्हणाले, "आता बरं."

शनिवारी डॉक्टर मॅडमनी स्वतः टीव्हीकडे पाहिलंच नाही. मागच्या बाकावर अंजनाबाई नावाच्या एक पेशंट बसल्या होत्या, दोन्ही डोळ्यांत औषध घातलेलं, सगळं धुरकट. मॅडमनी विचारलं, "अम्मा, नंबर दिख रहा है?"

अंजनाबाईंनी मान वर केली. "त्रेचाळीस. माहाच तर आहे!" आणि कुणाचा हात न धरता त्या तपासणीच्या दाराकडे चालू लागल्या.

"यही रखो," मॅडम म्हणाल्या. "और हमारी दूसरी ब्रांच में भी लगा दो."

रुचितानं बाहेर येऊन हैदराबादला नकार कळवला, मग आईला फोन लावला. तिनं फोन गुलाबरावांच्या हातात दिला.

"ताई, पोट्टी इथंच राहून राहिली. हव. नाही, जेवायले उशीर होईन. औषधाच्या छापील चिठ्ठीवरची अक्षरं पाहिली मी आता. लय वाईट आहेत. त्या एजंटले सांगूनच येतो."