दुसरी पसंती

मस्कतमधल्या मवालेहच्या बाजारातून आणलेली मेथी निवडायला घेतली की तिच्या कडवट वासाबरोबर मला बहिणीच्या निवडणुकीची मतमोजणी आठवते. पूर्वी इथेच नर्स असलेली माझी धाकटी बहीण आयर्लंडमधल्या एका छोट्या गावात गेली आणि पुढे तिथल्या कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहिली. तिथे नागरिक नसलेल्यालाही उभं राहता येतं, याचंच तिला केवढं अप्रूप! हॉस्पिटलची बस बंद झाल्याने म्हातारी माणसं अडकली होती. ती बस तिला परत सुरू करायची होती. ड्यूटी संपली की ती भर पावसात दारोदार फिरे. तिथे मतपत्रिकेवर उमेदवारांना पसंतीचे क्रमांक द्यायचे असतात; सर्वांत मागे पडलेला उमेदवार बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीच्या उमेदवाराला जातात. जो तो तिला हसून म्हणे, "दुसरी पसंती तुम्हालाच." मोजणीच्या दुपारी मी इथे दार्सैतच्या घरात मेथी निवडत होते आणि ती मतमोजणीच्या हॉलमधून व्हिडिओ कॉलवर होती. पहिल्या पसंतीत ती सगळ्यांत मागे राहिली आणि सर्वांत आधी बाद झाली. "अगं, पण ती दुसऱ्या पसंतीची मतं?" मी विचारलं. "ती माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच मी बाहेर पडले, ताई. आता ती कुणी मोजणार नाही." तिच्यामागे माणसं तिच्या मतांचा लहानसा गठ्ठा उचलून इतरांच्या गठ्ठ्यांत वाटत होती. ती वळून बघत राहिली. "सगळ्यांना आवडते गं मी," ती म्हणाली, "पण दुसरी म्हणून." बस काही सुरू झाली नाही. परवा फोनवर मी पुन्हा निवडणुकीचं विचारलं, तर म्हणाली, "आता मी मत द्यायलाही जात नाही."