बिनडोळ्यांची वेबसाईट

जी बघून माणूस दचकून मोबाईल पालथा ठेवतो, अशी वेबसाईट अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच असेल, आणि ती आमच्या सरांनी केली होती. जुन्या जालन्यात आमचं चित्रकलेचं विद्यालय. सर प्राचार्य, मी कारकून. यंदा पंधरा प्रवेश झाले नाहीत तर विद्यालय बंद, असं पत्र आलं. म्हटलं, "सर, झकास वेबसाईट करू. फी, पत्ता, फोन, सगळं टाकू." सर म्हणाले, "ते दारावरच्या बोर्डावर हाये की!" मग आठ दिवस खोलीत कोंडून घेऊन त्यांनी पंधरा चेहरे रंगवले आणि त्यांचे फोटो साईटवर चढवले. खाली फोन नंबर तेवढा मी भांडून टाकायला लावला. रंग असे की बघत राहावं. पण एकाही चेहऱ्याला डोळे नव्हते.

सरांचा नियमच तो. माणूस समोर बसल्याशिवाय ते डोळे काढत नसत. घरी त्यांनी स्वतःच्या लग्नाचं चित्र काढलंय, त्यात वहिनींना डोळे आहेत, सरांना नाहीत. "आरशातला माणूस डावखुरा असतो, भाऊसाहेब. तो मी न्हाई."

फोन सुरू झाले. "ते लोक मेलेले हायेत का हो?" अशी चौकशी! मी सरांवर भडकलो. त्यात पंधराव्या चेहऱ्याला पांढरी मिशी आणि गालावर चामखीळ. "सर, हा विद्यार्थी हाये का विद्यार्थ्याचा आजोबा?"

"येईल. जल्दी काय?"

आणि एका सकाळी मंठ्याची एक मुलगी दारात उभी राहिली. डाव्या भुवईत जुनी खोक. तिनं मोबाईल पुढं केला. तिसरा चेहरा, तीच भुवई, तीच खोक. "सर, तुम्ही मला कुठं पाह्यलं?" सरांनी तिला कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं, बारीक ब्रश घेतला आणि डोळे काढले. मग राजूरचा एक जण आला, मग आणखी. फी कुणीच विचारली नाही. जो तो आपलं तोंड शोधत आल्ता. चौदा झाले.

आणि सर तापानं फणफणले. दवाखान्यात मला म्हणाले, "भाऊसाहेब, पंधरावा रोज समोर येऊन बसतो, पण चित्राला बसायचं नाव काढत न्हाई." मला वाटलं, ताप डोक्यात गेला. तिसऱ्या दिवशी सर गेले.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी मी ऑफिसात वाट बघत बसलो. कुणी आलं नाही. साईट उघडली, पंधरावा चेहरा मोठा करून पाहिला, आणि हात आपोआप माझ्या गालावरच्या चामखिळीवर गेला. लहानपणी कोळशानं भिंती रंगवल्या म्हणून बापाचा मार खाल्लेला मी, जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज भरत राह्यलो. वयाची अट नाही, हे मीच शंभरदा लोकांना सांगितलं होतं. कोरा अर्ज ओढला आणि माझं नाव लिहिलं.

विद्यालय वाचलं. आता दुपारी मी पोरांत बसून चित्रं काढतो. मी काढलेली मडकी पाहून पोरं खिदळतात. परवा ती मंठ्याची मुलगी म्हणाली, "काका, तुमचे डोळे मी काढून देऊ?" म्हटलं, राहू दे, बाई. सरांसमोर बसायचं होतं मला. लई उशीर केला, सर.