गॅसवाल्याच्या घरची गार खोली

आमच्या वरच्या मजल्यावर जो माणूस राहतो त्याला सगळी गल्ली गॅसवाला म्हणते. शेगडीचा गॅस नव्हे. फ्रिजमधला गॅस गळून गेला की तो शोधून गळती बुजवतो आणि पुन्हा भरतो. त्याचं खरं नाव त्याच्या दारावर आहे, पण आमच्या इमारतीत तोच मजला शेवटचा, त्यामुळे तिथपर्यंत चढून वाचणारे थोडेच. मला लिहायची सवय नाही. जे सांगणार आहे तेही एवढंसंच आहे, आणि कोणाच्या उपयोगाचं असेल असं वाटत नाही. तरी सांगतो.

पूर्वी उन्हाळ्यात त्याला जेवायला सवड नसायची. जिन्यात त्याच्या सिलिंडरचा आवाज आला की समजायचं, कोणाचं तरी दूध वाचलं. माझा फ्रिज तर त्याने कितीदा मरणाच्या दारातून परत आणलाय. आता लोक त्याला बोलावतात, खर्च किती येईल ते विचारतात आणि त्याच्या समोरच फोनवर नवे फ्रिज बघायला लागतात. एकदा तो मला म्हणाला, “काका, मी आता डॉक्टर राहिलो नाही. मेलाय, एवढं सांगायलाच बोलावतात मला.”

त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणतो. ती फोटोच्या दुकानात अल्बम बांधायची. कागद कापणं, कडा दुमडणं, चिकटवणं या कामात तिचा हात असा बसलेला की पट्टी लावून बघावं. लोकांनी फोटो फोनमध्ये ठेवायला सुरुवात केली आणि दुकान बंद झालं. नंतर ती एका शिंप्याकडे बटणं लावायची. पण कागद दिसला की तिचे हात शिवशिवायचे. माझ्याकडचं वर्तमानपत्रसुद्धा ती परत देताना अशी घडी घालून द्यायची की उलगडायला मन होत नसे.

घरात तिसरं माणूस म्हणजे त्याची आई. तिला कातडीचा जुना आजार आहे आणि त्यामुळे घाम येत नाही. ऐकायला चैन वाटते, पण घाम नाही म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट नाही. उकाडा वाढला की तिला ताप चढतो आणि ती भ्रमात बोलू लागते. वरच्या मजल्यावर पत्र्याचं छप्पर. म्हणून गॅसवाल्याने भंगारात निघालेल्या तीन एसींमधून एक एसी जिवंत केला आणि आतल्या खोलीत बसवला. त्या एसीचा आवाज दळणाच्या गिरणीसारखा आहे, पण खोली गार राहते. म्हातारी तिथे असते. तिथेच खाते, तिथेच झोपते, आणि तिथूनच सगळ्या घरावर लक्ष ठेवते.

तर एके दिवशी वहिनीने फोनवर जाहिरात पाहिली. घरबसल्या धंदा. कंपनी चॉकलेटच्या कोऱ्या वड्या पाठवणार, आपण वेष्टनावर गिऱ्हाईक सांगेल ते नाव आणि मजकूर छापायचा, कागद नीट गुंडाळायचा आणि द्यायचं. वाढदिवसाला, निरोप समारंभाला, नव्या दुकानाला. एका भागात एकालाच धंदा मिळणार, दुसऱ्याला नाही. अनामत भरण्याइतके पैसे तिच्याकडे होते. दुकान बंद होताना मालकाने दिलेले, तिने हात न लावता ठेवलेले.

नमुन्याचा खोका आला तेव्हा तिने मला वर बोलावलं. एका वडीवर तिने माझं नाव घातलं होतं, सोनेरी अक्षरांत, कडा सुरीसारख्या सरळ. माझं नाव छापलेलं मी त्याआधी फक्त विजेच्या बिलावर पाहिलं होतं.

“कसं वाटतं काका?”

“छान आहे.”

“छान तर सगळेच म्हणतील. तुम्ही विकत घ्याल का?”

मी म्हटलं, “मला द्यायला कोण आहे?” हे बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

गॅसवाला हसला. “घे, पहिलं गिऱ्हाईक गेलं.”

“तुम्ही गप बसा हो. काका, यांचं म्हणणं, हे कोण घेणार.”

“मग खोटं आहे का? इथे वाटीभर साखर द्यायची तर लोक वाटी आधी मोजून घेतात. हे नाव छापून चॉकलेट देणार एकमेकांना?”

“मी काय गल्लीला विकणार आहे? शाळा आहेत, ऑफिसं आहेत. रोज कोणी ना कोणी जन्मतं आणि रोज कोणी ना कोणी नोकरी सोडतं.”

“सोडतं कुठे? काढतात.”

“त्यांना तर आधी द्यायला हवं,” वहिनी म्हणाली. आतून म्हातारीचं हसणं ऐकू आलं.

पण तो मनातून विरोधात नव्हता. हे मला जिन्यात कळलं. मला सोडायला खाली आला आणि म्हणाला, “काका, तिच्या हाताला काम मिळालं तर बरं होईल. माझ्या हातचं तर संपतच आलंय.” मग विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?” मी म्हटलं, “बघा बुवा.” मला कोणी सल्ला विचारला की माझ्याकडून हेच निघतं.

पुढे जे झालं ते फक्त त्याच्याच हातून होऊ शकत होतं. उन्हाळा होता. नमुने वितळतील म्हणून त्याने घरातल्या घरात सोय केली. स्वतः दुरुस्त केलेल्या जुन्या फ्रिजमध्ये खोका ठेवला, थर्मोस्टॅट पार खाली नेला आणि बायकोला म्हणाला, “आता विसरून जा.” आयुष्यभर थंडीशी काम केलेला माणूस, तिने विश्वास ठेवला. कंपनीला फोटो पाठवायचे म्हणून तिने वड्या बाहेर काढून टेबलावर मांडल्या, आणि बघता बघता त्यांना दरदरून पाणी सुटलं. कागद भिजला, सोनेरी अक्षरं ओघळली. आतलं चॉकलेट बुरशी आल्यासारखं पांढुरकं पडत गेलं. माझं नाव तर ओघळलेल्या कुंकवासारखं कपाळावरून गालावर उतरलं होतं.

वहिनीने कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो फोनवर मोठ्याने बोलायचा, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. “बाई, फ्रिजमध्ये ठेवलंत ना? तेवढं सोडून काहीही करा. गार आणि कोरडी खोली पाहिजे. तुमच्या घरात फ्रिजमधलं कळणारं कोणी नाही का?”

गॅसवाला खिडकीतून बाहेर बघत राहिला.

आतून म्हातारी म्हणाली, “चला, माझ्या वाट्याचा घाम चॉकलेटला आला.”

हसलो आम्ही सगळे. पण त्या फोननंतर घरात एक गोष्ट येऊन बसली. कंपनीची अट साधी होती. वड्यांसाठी वेगळी खोली, गार आणि कोरडी, जिथे चूल नाही, अंथरूण नाही, आजारी माणूस नाही. आधी फोटो पाठवायचे, मग त्यांचा माणूस येऊन बघणार, मग भाग तुमचा. त्या घरात अशी खोली एकच होती. दुसरा एसी जुळवण्याइतकं भंगार गॅसवाल्याकडे होतं, त्याने लावूनही बघितला. पण दोन्ही एकदम चालले की वरपासून खालपर्यंत आमच्या सगळ्यांचे दिवे जायचे. शिवाय पुढच्या खोलीवर दिवसभर ऊन, ती गार होणं शक्यच नव्हतं.

वहिनी उघड काही बोलली नाही. म्हणाली, “एक खोली सोडली तर सगळं आहे आपल्याकडे.”

तो म्हणाला, “हं.”

ही बोलणी ती दोघं माझ्या देखत करायची, कदाचित मी काही बोलत नाही म्हणून. पण भिंतीपलीकडे कान होते.

“ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?” म्हातारी आतून म्हणाली. “मला बाहेर काढा. खायला काळ आणि भुईला भार, आता गारव्यालाही भार कशाला?”

“आई, तू गप.”

“तू गप. चॉकलेट चार पैसे तरी आणेल. मी काय आणते, ताप?”

“आई, असं बोलू नका,” वहिनी म्हणाली.

“मग कसं बोलू? एक दिवस बघू या की. नाही जमलं तर परत आत टाका. मी काही लोणी नाही वितळायला.”

मला आजही वाटतं, त्या वेळी कोणीतरी नको म्हणायला हवं होतं. मी तिथेच बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉट पुढच्या खोलीत आणली. गॅसवाल्याने एक बाजू धरली, वहिनीने दुसरी, आणि मी उशी धरली. कॉट खिडकीजवळ लावली, पंखा अंगावर, ओला पंचा कपाळावर. गॅसवाला कामावर गेला. आतल्या खोलीत वहिनीने फडताळ पुसून कंपनीकडून मागवलेला वड्यांचा नवा खोका मांडला आणि फोटो काढून कंपनीला पाठवले.

सकाळभर म्हातारी खुशीत होती. किती दिवसांनी तिला रस्ता दिसत होता. “हा कोण टकल्या?” तिने मला विचारलं. मी म्हटलं, कोपऱ्यावरचा औषधवाला. “अरे, याच्या डोक्यावर केस होते की. किती वर्षं मी आत होते गं?” वहिनी हसत हसत पंचा पिळत होती.

पत्रा तापला तसा तिचा चेहरा लाल होत गेला. वहिनी पंचे बदलत होती, पायाखाली ओलं फडकं, मानेखाली ओलं फडकं. म्हातारी म्हणायची, “मी बरी आहे, तू तुझे कागद कर.” मग तिने कागद कर म्हणणं सोडलं. मग मला तिने विचारलं, “हे कामावरून आले का?” हे म्हणजे तिचा नवरा. मी त्यांच्या अंत्ययात्रेला गेलो होतो. मी काय सांगणार? म्हटलं, “येतील इतक्यात.”

गॅसवाला आला तेव्हा ती त्याला भाऊ म्हणाली आणि घरी घेऊन चल म्हणून हात धरला. त्याने हत्यारांची पिशवी खाली टाकली आणि कॉटबिट न बघता आईला उचलून आत नेलं. जमिनीवरच चटई टाकून निजवलं. मी दारात उभा होतो. खोली छान गार होती. फडताळावर चॉकलेटच्या वड्या ओळीने मांडलेल्या होत्या. त्यांना काहीही झालं नव्हतं.

म्हातारी दोन-तीन दिवसांत शुद्धीवर आली. आठवण तिला काहीच नव्हती. “जमलं की नाही?” हेच पहिलं विचारलं.

तोवर वहिनीने फोन करून टाकला होता. “आमच्याकडे जागा नाही,” तिने सांगितलं.

“बाई, जागा तर फोटोत दिसतेय.”

“फोटोत दिसते,” वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

गॅसवाल्याला वाटलं काहीतरी बोलावं. तो म्हणाला, “थोडं थांबू या. पुढे बघू.”

वहिनीने त्याच्याकडे बघितलं. “कशासाठी थांबायचं?”

त्याला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तो उठून नळाखाली हात धुवायला गेला, हात स्वच्छ होते तरी. खोली रिकामी व्हायची वाट एकच होती. त्या घरात ‘थांबू या’ हा शब्द नंतर मी ऐकला नाही.

मग थांबण्यासारखंही काही उरलं नाही. आमचा भाग कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या बायकोला मिळाला. तिच्याकडे दुकानामागे औषधांसाठी गार खोली आयतीच होती. दुकानात पाटी लागली. वहिनी त्या बाजूने जाणं टाळत नव्हती, उलट मुद्दाम त्याच बाजूने जायची आणि पाटीकडे बघायची नाही.

पुढच्या उन्हाळ्यात औषधवाल्याचा एसी बंद पडला आणि त्यांनी कोणाला बोलावलं ते सांगायला नको. त्याने गळती शोधली, गॅस भरला, खोली गार करून दिली. मजुरी मिळाली, वर बाईने एक चॉकलेट हातात ठेवलं. त्याच्यासाठी मुद्दाम छापलेलं. ते खिशात घेऊन तो जिना चढला तेव्हा मी दारात होतो. “काका, या वर,” म्हणाला. एकट्याने जायचं त्याला जड जात असावं.

वहिनीने चॉकलेट हातात घेतलं. खिशात ते मऊ पडलं होतं. वेष्टनावर लिहिलं होतं, ‘गॅसवाल्यांस आभारपूर्वक’.

“कडा बघा,” ती म्हणाली. “एक तरी दुमड सरळ आहे का?”

“तिचं चालत नाही म्हणे,” गॅसवाला म्हणाला. ही बातमी त्याने जपून आणली होती, चॉकलेटपेक्षाही. “महिन्याला चार ऑर्डरी. त्यातल्या दोन तिच्या बहिणीच्या. सोडून द्यायचं म्हणते.”

“तिचं,” वहिनी म्हणाली.

“मी म्हणजे काय म्हणतो, नाहीतरी चाललंच नसतं. आपले पैसे वाचले असं समज.”

“तिचं चाललं नाही,” वहिनी म्हणाली. “माझं काय झालं असतं ते कोणाला माहीत?”

तिने वेष्टन काढलं, नखाने सपाट केलं, जुन्या दुमडी मोडून नव्या घातल्या आणि ते रिकामं वेष्टन असं बंद केलं की आत वडी आहे असंच वाटावं. चॉकलेट बशीत घेऊन ती आत गेली. आम्ही दोघं मागे दारापर्यंत गेलो.

म्हातारीने चमच्याने थोडं खाल्लं. मग वेष्टन डोळ्यांजवळ धरून वाचलं.

“हे काय नाव झालं? मी ठेवलेलं कुठे आहे?”

“ते त्यांना माहीत नसेल, आई,” वहिनी म्हणाली.

“दारावर आहे की.”

एसी दळत होता. म्हातारीने अजून एक चमचा घेतला आणि गोड आहे म्हणाली. मग वहिनीने आम्हाला बाहेर व्हायला सांगितलं, गारवा जातो म्हणून, आणि आतून दार ओढून घेतलं. गॅसवाला आणि मी पुढच्या खोलीत उकाड्यात बसून राहिलो.