पाचाच्या आतली कडू

लहानपणी राहीबाईला वाटायचं, दिवस मावळला की जग सगळ्यांचंच पुसलं जातं. माणसं नुसत्या आवाजांची होतात, आई हाताच्या वासाची होते, आणि सकाळी कोणीतरी सगळं पुन्हा जागच्या जागी मांडून ठेवतं. तिला यात काही वावगं वाटत नव्हतं. इतर पोरं तिन्हीसांजेला लपाछपी कशी खेळतात, एवढंच कोडं होतं. चांदण्यांबद्दल लोक बोलायचे खरे, पण लोक भुतांबद्दलही बोलायचे.

लग्न होऊन ती पाथर्डीकडच्या एका वाडीत आली. सासरच्या परसात शेवगा होता. महिनाभर त्याच्या पाल्याची भाजी खाल्ली आणि एका संध्याकाळी अंगणात भांडी घासता घासता तिनं सहज मान वर केली. दचकून ओरडलीच, "आत्याबाई, वर काय सांडलंय?" सासू हसून हसून बेजार. राहीबाईला त्या दिवशी आभाळ मिळालं, तेही फुकट. माहेरी धाकट्या भावाचे डोळे मात्र तोवर कायमचे गेले होते. आपल्याला मिळालं आणि त्याला नाही, याची टोचणी तिला जन्मभर राहिली.

पुढे ती सरकारी दवाखान्यात दाई म्हणून लागली. तोंडानं फटकळ, वाडीला तिचा धाक. एकाहत्तर साली दसऱ्याच्या सुमारास एस.टी.च्या टपावरून खोकी उतरली. परदेशातल्या एका औषध कंपनीनं ती गरिबांसाठी धर्मादाय पाठवली होती. तपकिरी बाटल्यांत पिवळं, दाट औषध. पोराला सहा महिन्यांतून एकदा चमचाभर दिलं की रातांधळेपणा जातो म्हणे. समुद्रापलीकडच्या माणसाला आपल्या वाडीतली तिन्हीसांज कशी कळली, याचं राहीबाईला भारी नवल. ती खोक्यावरच्या न कळणाऱ्या अक्षरांवरून हात फिरवी. त्याच्याही घरात कोणी चाचपडत असणार, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

डॉक्टरांनी बजावलं, "बाटल्या मोजक्या आहेत. पाच वर्षांच्या आतल्यांनाच द्यायचं. बुधवारी कंपनीचे मुंबईचे साहेब स्वतः बघायला येताहेत."

कोणत्या पोराला दिसत नाही, हे हुडकायची राहीबाईची स्वतःची रीत होती. दिवेलागणीला ओटीत फुटाणे घेऊन दारोदार जायचं आणि न बोलता उंबऱ्यावर चार ठेवायचे. दिसणारं पोर झडप घाली. रंगुबाईची कडू मात्र बांगड्यांच्या आवाजाकडे तोंड करून नुसती हसत राहिली. फुटाणे तिच्या पायाशीच पडलेले. आधीची दोन दगावली म्हणून हिचं नाव कडू ठेवलेलं. राहीबाईनं दुसऱ्या दिवशी उजेडात तिची पापणी वर करून पाहिली. भावाच्या डोळ्यांत होता तोच कोरडेपणा. आणखी एक हिवाळा गेला की संपलंच. आणि शुक्रवारी तर रंगुबाईची टोळी ऊसतोडीला कारखान्यावर निघायची होती. एकदा गेली की परत यायची ती उन्हाळ्यातच.

"किती वर्सांची गं ही?"

"कोयनेचा भूकंप झाला तवा तीन सरली हुती," रंगुबाई म्हणाली. "आता सात."

"तसं सांगू नगं. भूकंपात पाळन्यात हुती म्हन."

रंगुबाई पडली देवभोळी. "मावशे, खोटं बोलून घेतल्यालं औषद गुन दील व्हय?"

"खोटं मी बोलंन. गुन तिला, पाप मला. तू गप उभी ऱ्हा."

बुधवारी दवाखान्यापुढे रांग लागली. साहेब तसा मवाळ माणूस, प्रत्येक पोराला नाव विचारत होता. कडूची पाळी आली तशी राहीबाई पुढे सरकली. भूकंप, पाळणा, पाळण्याचा हेलकावा, सगळं तिनं दोन दिवस घोकून ठेवलं होतं. साहेब वाकले. काडीसारखे हात, झग्यात हरवलेलं अंग.

"ही तर तीनचीच असेल," ते मायेनं म्हणाले. "लिहून घ्या, तीन."

खोटं बोलायची पाळीच आली नाही. घोकलेलं सगळं राहीबाईच्या जिभेवरच राहिलं. सात वर्षांतली चार त्या पोरीच्या अंगाला लागलीच नव्हती. राहीबाईनं चमचा भरला. कडूनं तो चाटूनपुसून साफ केला आणि आणखी मागितला.

"बास की गं, भवाने," राहीबाई म्हणाली, पण आवाजाला नेहमीची धार नव्हती.

शुक्रवारी ऊन उतरल्यावर टोळीनं बैलगाड्या जुंपल्या. राहीबाई निरोप द्यायला वेशीपाशी गेली. दिवस बुडाला, धुळीत बैलांची शिंगं तरंगल्यासारखी दिसू लागली, आणि दोन दिवस कोंडलेलं तिला एकदम भरून आलं. राग धरावा तर कोणावर? औषध पाठवणाऱ्यानं तर आभाळच पाठवलं होतं. ती हूं की चूं न करता उभी राहिली. पदरही डोळ्याला लावला नाही. एवढ्या अंधारात कोणाला कळतंय.

रंगुबाईची गाडी शेजारून चालली. बोचक्यावर बसलेली कडू खाली वाकली.

"मावशे," ती म्हणाली, "रडतीस का गं?"