नानांच्या गाडीतला पिवळा दिवा

गॅरेजमध्ये जुने ऑइल फिल्टर आणि किस्से, दोन्ही कोपऱ्यात साठत जातात. फिल्टर भंगारवाला नेतो, किस्से कोणी नेत नाही! जळगावात हायवेलगत माझं गॅरेज आहे. वायरिंगचं काम रहीमभाई बघतात आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचं खातं माझ्याकडे. सगळ्यात जास्त किस्से आणले ते डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याने. इंजिनात काही बिघडलं की लागतो तो. गाडी धूर ओकत असली तरी माणूस निवांत असतो, पण हा एवढासा दिवा लागला की त्याला जेवण जात नाही.

* * *

चाळीसगावच्या एका शाळेतल्या बाई. दिव्यावरचं इंजिनाचं चित्र त्यांना नळासारखं दिसायचं. नळ म्हणजे पाणी संपलं असणार, म्हणून रोज सकाळी त्या काच धुवायच्या टाकीत पाणी ओतायच्या. पाणी खालून वाहायला लागलं तेव्हा आमच्याकडे आल्या. मी सगळं समजावलं तर मलाच म्हणाल्या, "मग चित्र तरी नीट काढायचं!"

तेव्हापासून मलाही तो नळच दिसतो.

* * *

केळीच्या एका व्यापाऱ्याने दिव्यावर गणपतीचं स्टिकर लावलं. मागून पिवळा उजेड यायचा. रहीमभाईंनी बिघाड काढला, दिवा विझला. आठवड्याने व्यापारी परत हजर. आई गाडीत बसायला तयार नाही, गणपती का विझला म्हणते!

रहीमभाईंनी स्टिकरमागे छोटा बल्ब बसवून दिला.

* * *

मुक्ताईनगरच्या अक्कांचं मात्र हसू येत नाही. त्यांचे यजमान वारले आणि गाडी बरेच महिने उभीच राहिली. भाच्याने चालवत आणली तेव्हा दिवा लागलेला. बिघाड किरकोळ होता, तो निघाला. नंतर दिवा घालवायचा आमचा सोपा उपाय म्हणजे बॅटरीची वायर थोडा वेळ काढून ठेवायची. रहीमभाई पाना घेऊन वाकले, तेवढ्यात अक्कांनी विचारलं, त्याने किलोमीटरचा तो छोटा आकडा पुसला जाईल का? प्रवासाला निघताना यजमान तो शून्यावर आणायचे. शेवटचा त्यांनीच लावलेला होता.

रहीमभाईंनी पाना खाली ठेवला. वायर न काढता दिवा घालवणारा आमचा स्कॅनर बंद पडला होता, तर दुसऱ्या गॅरेजमधून मागून आणला. दिवा गेला, आकडा राहिला. अक्का गाडीत बसून कितीतरी वेळ तो बघत होत्या. मला त्या दिवशी फार जड गेलं.

* * *

आता नाना. नाना धुळ्याला टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते. जन्मभर दुसऱ्यांचे ट्रंक कॉल जोडून दिले, त्यामुळे घरात कायदा एकच, फोन कामासाठी असतो. काम सांगा, ठेवा. मुलगा याच कायद्यात वाढला आणि कॅनडाला गेला. तिकडून त्याने नानांना नवी गाडी घेऊन दिली. या गाडीचं असं आहे, की दिवा लागला की तिकडे त्याच्या मोबाइलवर खबर जाते.

नाना दर थोड्या दिवसांनी दिवा लागलेली गाडी घेऊन यायचे. बिघाड दर वेळी तोच, एअर फिल्टरजवळच्या सेन्सरची क्लिप सुटलेली. रहीमभाई ती दाबून बसवायचे, नाना चहा घेऊन जायचे. एकदा रहीमभाई वैतागले आणि त्यांनी क्लिपला प्लास्टिकची पट्टी आवळून टाकली. म्हणाले, आता वादळ आलं तरी सुटणार नाही. आम्ही दोघं खूश!

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, नाना फिरकले नाहीत. मग एका सकाळी आले. दिवा लागलेला नव्हता. मी विचारलं, गाडीला काय झालं? ते बाकावर बसले आणि काठी दोन्ही पायांमध्ये धरली.

"गाडी बरी शे, भाऊ," ते म्हणाले. "ती पट्टी काढी टाक."

मी म्हटलं, नाना, क्लिप परत सुटेल.

"दिवा लागस तव्हय त्याना फोन येस," नाना म्हणाले. "आते येत नही."

मुलगा फोनवर काय बोलतो, ते मी विचारलं. गाडीला काय झालं, एवढंच विचारतो म्हणाले. पण सगळं नीट विचारतो. आवाज कसा येतो, कुठे नेली होती, बरोबर कोण होतं. मग मी म्हटलं, तुम्हीच लावा की फोन. नानांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. काम काय सांगणार होते ते?

रहीमभाईंनी पट्टी कापली. नानांनी बोनेट स्वतःच खाली घेतलं.

* * *

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या फोनवर परदेशातला नंबर. नानांचा मुलगा. गाडीवरच्या आमच्या स्टिकरचा फोटो त्याच्याकडे होता म्हणे. नानांशी आत्ताच बोललो, दिवा लागलाय, असं म्हणाला. मी ठरलेलं उत्तर दिलं, की सेन्सरची क्लिप आहे, सैल होते कधी कधी.

"ती आपोआप सुटत नाही, काका," तो म्हणाला. "नानाच काढतात, मला माहीत आहे."

मग मीही खरं सांगून टाकलं, की मध्ये आमच्या रहीमभाईंनी पट्टी आवळली होती, म्हणून इतके महिने दिवा लागला नाही.



"पट्टी होती?" तो म्हणाला. "मला वाटलं, आता नानांना बोनेट उचलवत नाही."